एच४ च्या जागी एलईडी: उजेड भरपूर, कॉलर ढिली

डिपर गेला. मोटरसायकलच्या हेडलाइटमध्ये हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब लावला होता, त्याचा अपर (लांबचा उजेड) लागत होता, डिपर (खाली झुकलेला जवळचा उजेड) नाही, आणि हे कळलं ते रात्री, वळणावळणाच्या रस्त्यावर. समोरून वाहन आलं की अपर बंद करावा लागे आणि त्या क्षणी पुढचा रस्ता नाहीसा होई. कडेला थांबत, समोरची वाहनं जाऊ देत, पुन्हा निघत घर गाठलं. बल्बच्या डब्यावर ५०,००० तासांचं आयुष्य छापलेलं आहे. ते तास उजेड देणाऱ्या चिपचे असतात, तेही चिप ठरावीक तापमानाच्या खाली राहिली तर. चिपच्या मागचा बोटाच्या पेराएवढा पंखा आणि चिपला करंट पुरवणारं ड्रायव्हरचं सर्किट किती तास चालेल याबद्दल डबा काही सांगत नाही, आणि बल्ब बहुतेक वेळा मरतो तो या दोघांमुळेच.

तरी ही निव्वळ तक्रार नाही. एक पूर्ण पावसाळा आणि एक हिवाळा हा बल्ब गाडीवर होता आणि त्या काळात माझं मत बदलत गेलं. ज्या क्रमाने बदललं त्याच क्रमाने लिहिते.

गाडीला गोल हेडलाइट, आत पैलूंचा रिफ्लेक्टर, पुढे साधी काच. मूळचा बल्ब एच४, म्हणजे अपर आणि डिपर एकाच बल्बमध्ये असलेला ६०/५५ वॅटचा हॅलोजन. त्या जागी पंखेवाला एलईडी: पातळ पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिपा, मागे उष्णता बाहेर टाकणारा अॅल्युमिनियमचा हीटसिंक. बाकीचे स्पेक्स सगळ्यांना पाठ असतात. फक्त ल्युमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या, आकड्यावर विश्वास ठेवू नका, एवढं सांगून पुढे जाते. मल्टिमीटर लावून पाहिला तर १३.६ व्होल्टला १.६ अँपिअर, म्हणजे साधारण २२ वॅट. ड्रायव्हरमधला तोटा धरून अशा बल्बच्या चिपा वॅटमागे शंभरेक ल्युमेन देतात असं मानलं, तर हिशोब २,२०० च्या आसपास येतो. डब्यावर ८,००० आहे. तेवढा उजेड खरा असता तर बल्बने ८० वॅट ओढले असते, आणि ती उष्णता त्या चिमुकल्या पंख्याने बाहेर काढणं शक्य नाही. हॅलोजन एच४ चा मानक आकडा १३.२ व्होल्टला अपरचा सुमारे १,६५० आणि डिपरचा सुमारे १,००० ल्युमेन आहे. तेव्हा डिपरला एलईडी दुप्पट उजेड देतो हे खरं. आठपट नाही.

पहिले काही दिवस मी खूश होते. पिवळसर, मलूल डिपरची सवय असलेल्या डोळ्यांना तो लख्ख पांढरा उजेड फार भारी वाटतो. रस्त्यावरचे पट्टे उठून दिसतात, कडेचे दिशाफलक चमकतात, खड्ड्याची कड आधी कळते. बटण दाबताच पूर्ण उजेड. मग दोन गोष्टी लक्षात येऊ लागल्या. एक म्हणजे समोरची वाहनं सारखी अपर मारून मला खूण करत होती, डिपर चालू असताना. दुसरी म्हणजे चाकापुढचे काही मीटर इतके उजळ असायचे की त्यापलीकडचा रस्ता उलट जास्त काळोखा वाटायचा. जवळ भरपूर उजेड असला की बाहुली आकसते आणि लांबचं अंधूक दिसणारं हरवतं. आपल्याला मात्र वाटत राहतं की खूप दिसतंय. वेगात असताना हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ब्रेक लांबचं बघून मारायचा असतो.

भिंतीसमोर गाडी उभी केली तेव्हा कारण दिसलं. हॅलोजन डिपरच्या उजेडाला वर एक धारदार रेघ असते: रेघेखाली उजेड, वर काळोख, आणि आपण ज्या बाजूने चालतो त्या बाजूला रेघ थोडी वर उचललेली, म्हणजे कड आणि फलक दिसावेत. माझ्या एलईडीची रेघ होती, पण तिरकी होती. एका बाजूला पार खाली गेलेली, दुसऱ्या बाजूला वर चढलेली, आणि ती चढलेली बाजू नेमकी समोरून येणाऱ्यांची.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण एलईडी बसवायचा की नाही हे माझ्या मते या एका गोष्टीवर ठरतं. एच४ चा रिफ्लेक्टर दोन फिलामेंटसाठी बनलेला असतो. अपरचं फिलामेंट फोकसच्या बिंदूपाशी, डिपरचं त्याच्या थोडं पुढे, आणि डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे डिपरला फक्त रिफ्लेक्टरचा वरचा भाग काम करतो आणि उजेड रस्त्याकडे झुकतो. भिंतीवरची ती धारदार रेघ म्हणजे या वाटीच्या कडेचीच प्रतिमा. फिलामेंट साडेपाच मिलिमीटरच्या आसपास लांब, तारेच्या बारीक वेटोळ्याचं. ते एखाद्या मिलिमीटरने सरकलं तरी रस्त्यावरचा उजेड बिघडतो. म्हणून हॅलोजनच्या बुडाला तीन कान असतात, त्यातला वरचा रुंद, आणि बल्ब होल्डरमध्ये एकाच प्रकारे बसतो. फिरवायची सोयच नाही. कारखान्यात फिलामेंट आणि कान यांचं नातं कायमचं पक्कं केलेलं असतं.

एलईडीमध्ये हे नातं तोडलेलं आहे. मागचा हीटसिंक होल्डरच्या क्लिपखालून जात नाही, म्हणून कानांची गोल कॉलर वेगळी बनवतात. आधी कॉलर होल्डरमध्ये ठेवून क्लिप लावायची, मग बल्ब मागून खुपसून फिरवायचा. काही बल्बांत रबरी रिंगच्या घर्षणावर तो टिकतो. माझ्यात एक ग्रब स्क्रू (डोकं नसलेला बारीक स्क्रू) होता, तांदळाच्या दाण्याहून लहान, सोबत दिलेल्या कागदावर त्याचा उल्लेखही नाही. बल्ब नवा आला तेव्हाच तो अर्धवट ढिला होता. एकसिलिंडर इंजिनाची थरथर, त्यात हीटसिंकचं वजन सगळं मागे लोंबतं. कॉलर हळूहळू फिरत गेली.

किती फिरली तर काय होतं, याचा हिशोब मी करून पाहिला. दहा मीटरवर भिंत. डिपरची रेघ हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली असली की उतार एक टक्का होतो, हे सेटिंग बऱ्याच गाड्यांना चालतं. आता बल्ब ५ अंशांनी फिरला, तर रेघही साधारण तेवढीच तिरकी होते. मध्यापासून तीन मीटर बाजूला गेलात की ती २६ सेंटिमीटर वर चढते. आधीचे १० खाली वजा केले, तरी उजेड हेडलाइटच्या उंचीहून १६ सेंटिमीटर वर, म्हणजे समोरच्या चालकाच्या डोळ्यांच्या दिशेने निघाला. पाच अंश म्हणजे घड्याळात मिनिटकाट्याचं एक घरसुद्धा नाही. एक घर सहा अंशांचं असतं. ढिल्या कॉलरमध्ये एवढा खेळ सहज असतो.

लोक यावर हेडलाइट खाली झुकवतात. त्याने समोरच्याचा त्रास थोडा कमी होतो, पण रेघ तिरकीच राहते आणि आपला लांबचा उजेड मात्र पूर्ण जातो. इलाज कॉलरचाच करायला हवा. चिपा डाव्या-उजव्या बाजूला, घड्याळाच्या तीन आणि नऊवर याव्यात, डिपरच्या चिपांची पत्र्याची वाटी खाली असावी, आणि मग शेवटचे दोन-चार अंश भिंतीवरची रेघ बघत जुळवावेत. गाडी मधल्या स्टँडवर न लावता, टायरमध्ये हवा बरोबर भरून आणि नेहमीचं माणूस सीटवर बसवून. मागे कोणी बसवून फिरत असाल तर तेही धरा, कारण मागचा सस्पेन्शन बसला की नाक वर उचललं जातं. रेघ जुळली की ग्रब स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे पकडून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब, आणि कॉलर व बल्बचं अंग यांच्यावरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवायची. पुढे कधीही टोपण उघडलं की रेघ तुटलेली दिसली तर कॉलर हलली.

हे केल्यावर मत पार बदललं. तोच बल्ब, तोच रिफ्लेक्टर, आणि समोरच्यांचं अपर मारणं जवळजवळ थांबलं. कड दिसू लागली, लांबचा रस्ता दिसू लागला. या टप्प्यावर मी कोणालाही हा बल्ब घ्या म्हणाले असते. संताप एवढाच की हे काम बल्ब बनवणाऱ्याचं होतं. चिप, पंखा, चकचकीत डबा यांवर खर्च करायचा आणि उजेड कुठे पडणार हे ठरवणारा स्क्रू सैल पाठवायचा, हे मला अजून पटत नाही. परीक्षणांमध्येही ल्युमेन, रंग, पंख्याचा आवाज यावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात, कॉलरवर एक ओळ नसते. आणि नमुना म्हणून रस्त्याचे फोटो टाकतात. फोनचा कॅमेरा एक्सपोजर स्वतःच बदलतो, त्यामुळे रस्त्याच्या फोटोवरून काहीच ठरत नाही. भिंतीवरची रेघ मात्र फोटोतही लपत नाही.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात. ओल्या डांबरावर कोणताही उजेड पुढे परावर्तित होऊन निघून जातो, आपल्याकडे परत कमी येतो. तो हॅलोजनचाही जातो. पण ६,००० केल्विनच्या निळसर उजेडाचा थेंबांवरून आणि धुक्यावरून येणारा झगमगाट डोळ्याला जास्त खुपतो, ३,२०० च्या आसपासच्या हॅलोजनचा कमी. पुन्हा घेतला तर ४,३०० ते ५,००० मधला घेईन. शिवाय हॅलोजनची उष्णता पुढे फेकली जाते आणि काच आतून कोरडी राहते. एलईडीची उष्णता मागे जाते, काच थंड राहते, आणि पावसानंतर आतल्या बाजूला बाष्प धरतं ते लवकर जात नाही. हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

बाष्पाचं खरं कारण मात्र मागे होतं. हेडलाइटच्या मागचं रबरी टोपण हॅलोजनच्या तीन पिनांभोवती घट्ट बसतं. एलईडीचा हीटसिंक जाड, टोपण त्यावर बसतच नाही. बसवायला भोक मोठं करावं लागतं, आणि ते केलं की धूळ-पाण्याला वाट मोकळी. टोपण तसंच ओढून बसवलं तर पंख्याला हवा मिळत नाही आणि बल्ब स्वतःच्याच उष्णतेत शिजतो. टोपण कापायला माझा जीव झाला नाही, कारण हॅलोजन परत लावायची वेळ आली तर तेच लागणार. हीटसिंकच्या मापाचं वेगळं टोपण शोधून लावलं, तेही पूर्ण बंद होत नव्हतं.

त्या फटीतून धूळ गेली आणि पंखा मंद झाला. हे लगेच कळत नाही. पंखा अडला की ड्रायव्हर चिप वाचवायला करंट कमी करतो आणि उजेड हळूहळू उतरतो. डोळे त्याला जुळवून घेतात. फोनच्या लक्स अॅपने मी भिंतीवर मोजून बघितलं होतं. ही अॅप खरा आकडा देत नाहीत, पण एकाच फोनवर, एकाच जागेवरून केलेली तुलना कामाची असते. सुरू केल्याबरोबरचा उजेड १०० धरला तर अर्ध्या तासाने ७० च्या खाली आला होता. नवा असतानाही थोडा उतार होताच, एलईडी तापला की असं होतं, पण एवढा नव्हता. तुमचा बल्ब मंद वाटत असेल तर थंड आणि गरम असं दोन्ही वेळा मोजा. त्यानंतर थोड्याच काळात डिपर गेला.

विक्रेत्याशी झालेलं भांडण लांबलं. वॉरंटी एक वर्षाची, मुदत बाकी होती. आधी मूळ डबा मागितला, तो होता. मग व्हिडिओ मागितला, पाठवला. मग उत्तर आलं की पंख्यात धूळ आहे, म्हणजे बल्ब सीलबंद जागेत वापरलेला नाही, म्हणून वॉरंटी लागू नाही. मी एवढंच विचारलं की तुमच्या जाहिरातीत मोटरसायकलचं चित्र आहे, तुमचा हीटसिंक मोटरसायकलच्या टोपणात मावत नाही, आणि पंखा पूर्ण बंद जागेत चालवू नका असं तुमच्याच कागदावर लिहिलंय. मग तो नेमका कुठे वापरायचा? कागदाचा आणि जाहिरातीचा फोटो शेजारी शेजारी लावून पाठवल्यावर बदली बल्ब मंजूर झाला, पाठवणीचा खर्च माझ्या माथी. मी तो दिला, पण पावती जपून ठेवली आहे.

बदली येईपर्यंत जुना हॅलोजन परत चढवला आणि इथे मला खरा आनंदाचा धक्का बसला. हॅलोजन इतका मलूल का, हे मल्टिमीटरने शोधायचं ठरवलं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, आणि बल्बच्या कपलरवर (वायरीच्या जोडणीवर) १२.३. दीड व्होल्ट वाटेत संपत होता, हँडलवरच्या स्विचमध्ये, जुन्या बारीक वायरींत आणि काळ्या पडलेल्या अर्थिंगमध्ये. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १२.३ भागिले १३.८, त्याचा तो घात काढला तर ०.६८ येतो. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश उजेड वायरींत जळत होता, आणि मी त्या उपाशी बल्बची तुलना एलईडीशी करत होते. एलईडीचा ड्रायव्हर व्होल्टेज थोडं कमी झालं तरी करंट धरून ठेवतो, शिवाय ओढतोच निम्म्याहून कमी, म्हणून त्याला हा तोटा जाणवत नाही.

वायरमनकडून बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज, अपर-डिपरला दोन रिले (दिव्याचा करंट हँडलच्या स्विचऐवजी स्वतःतून नेणारे विजेवरचे स्विच) आणि नवी अर्थिंग करून घेतली. खर्च एलईडीच्या निम्म्याहून कमी. आता कपलरवर १३.५ मिळतात. तोच जुना बल्ब, आणि भिंतीवरची रेघ वस्तऱ्याच्या धारेसारखी. उजेडाचं प्रमाण एलईडीपेक्षा कमी आहे हे मान्य. पण जिथे हवा तिथे आहे, लांबचा मधला भाग तर मला एलईडीपेक्षा चांगला वाटला, आणि पावसात तो निर्विवाद बरा. एक इशारा: व्होल्टेज वाढलं की हॅलोजनचं आयुष्य त्याहून झपाट्याने घटतं, म्हणून गाडीचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर १४.५ व्होल्टच्या पुढे जात असेल तर आधी तो दुरुस्त करा.

एलईडीने बॅटरी वाचते, पेट्रोल वाचतं, असंही ऐकवतात. बॅटरीवर भार कमी पडतो हे खरं. तीसेक वॅट मोकळे होतात, फोन चार्जर किंवा गरम ग्रिप चालवणाऱ्यांना ते उपयोगाचे आहेत. पण बऱ्याच मोटरसायकलींत कायम चुंबकाची मॅग्नेट कॉइल आणि शंट प्रकारचा रेग्युलेटर असतो. कॉइल वीज बनवतच राहते, न वापरलेली वीज रेग्युलेटर शॉर्ट करून उष्णतेत घालवतो. दिव्याने कमी घेतली की रेग्युलेटरच्या वाट्याला जास्त येते. अशा गाडीत पेट्रोलच्या बचतीची आशा ठेवू नका.

ज्यांच्या गाडीत एचएस१ बल्ब आहे, ३५/३५ वॅटचा, त्यांचा हिशोब वेगळा. तिथे ६०/५५ चा हॅलोजन टाकला तर होल्डर आणि वायर वितळू शकते, कॉइलही पुरत नाही, म्हणून एलईडीचं आकर्षण समजण्यासारखं आहे. फक्त बुडाचे कान एच४ सारखे दिसले तरी तंतोतंत तेच नाहीत. कान घासून बसवाल तर कॉलरची हीच गोष्ट आणखी वाईट होईल. आणि दिवा बॅटरीवर न चालता थेट कॉइलच्या एसीवर चालत असेल, तर एलईडी कमी आरपीएमला लुकलुकतो. तिथे आधी डीसी करून घ्यावं लागतं.

कायद्याचं आपापल्या ठिकाणी बघून घ्या. अमेरिकेत हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब टाकणं नियमात बसत नाही. जर्मनीत ऑसरामच्या एच७ एलईडीला २०२० मध्ये रस्त्यावर वापरायची परवानगी मिळाली, पण सरसकट नाही. चाचणी करून पाहिलेल्या वाहनांच्या यादीपुरती. ही यादीची पद्धत मला पूर्ण पटते. बल्ब आणि रिफ्लेक्टर ही जोडी तपासायची असते, एकटा बल्ब चांगला किंवा वाईट नसतो. माझ्या रिफ्लेक्टरमध्ये जुळलेला बल्ब तुमच्यात समोरच्याला आंधळं करू शकतो.

बदली बल्ब आला आहे. ग्रब स्क्रू याचाही ढिला. तो घट्ट करून, रंगाची रेघ ओढून, डब्यात सीटखाली ठेवला आहे. हेडलाइटमध्ये सध्या रिलेवरचा हॅलोजनच राहील, कारण तो पैसे देऊन आधीच घरात आहे आणि आता नीट चालतोय. पुढचा एलईडी घेईन तो पंखा नसलेला, मूळ टोपणात मावणारा आणि कॉलर बल्बच्या अंगाशी कारखान्यातच पक्की केलेला असेल तरच. एच४ मध्ये असा कोणी वापरला असेल तर दहा मीटरवरच्या भिंतीचा फोटो दाखवा, अर्धा तास चालवून झाल्यावरचा.